अता ओदोई कुठे जेवले

संध्याकाळी सहाच्या सुमारास लामिले डोक्यावर झाकलेलं वाडगं घेऊन बायकांच्या घरातून निघते, तीन गल्ल्या ओलांडते आणि पुरुषांच्या घराच्या दारात उभी राहून ओरडते, "ओदोई, आहेस का गेलास?"

अता ओदोई आतून म्हणतात, "वाडगं ठेव आणि नीघ."

असं एकेचाळीस वर्षं चाललेलं आहे. वाडगं पाठवते ती अमानुआ, त्यांची बायको; लामिले तिची बहीण. ती तिच्या आईच्या घरात राहते, बहिणी, मावश्या, भाच्या यांच्यात. अता राहतात बापाच्या घरात, भाऊ आणि चुलतभाऊ यांच्यात. तीन मुली झाल्या, तिन्ही आईकडे वाढल्या आणि लग्न होऊन गेल्या. घानातल्या अक्रा शहराच्या किनाऱ्यावर, जेम्सटाउनच्या जुन्या घरांमध्ये असंच असतं. नवरा-बायकोनं एका छपराखाली भांडी आपटत बसायचं आणि त्याला संसार म्हणायचं, हे बाहेरच्या वस्त्यांतलं खूळ. इकडे संसार म्हणजे वाडगं. ते वेळेवर आलं की सगळं ठीक आहे. एक दिवस चुकलं तर लोक म्हणतात, बाईला ताप असेल. दुसऱ्या दिवशीही चुकलं की घरातले म्हातारे उगाचच खाकरायला लागतात. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी मध्ये जिनची बाटली ठेवून बसतात, आणि ज्या गोष्टी चाळीस वर्षांत कुणी बोललं नाही त्या दोन तासांत बोलून टाकतात.

अतांवर ही वेळ कधी आली नव्हती. तसा त्यांचा कुठेच बोभाटा नव्हता. एकोणिसाव्या वर्षापासून त्यांनी होड्या रंगवल्या. कोळी होडी वाळूवर ओढून ठेवत, आणि अता रंगाचे डबे घेऊन तिच्या कुशीला बसत. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला झेंडे, तारे, मासा, कधी मालकाच्या मेलेल्या आईचा चेहरा. मंगळवार समुद्राच्या देवाचा, त्या दिवशी कुणी समुद्रावर जात नाही, म्हणून मंगळवार त्यांचा सगळ्यात कामाचा दिवस. अडुसष्टाव्या वर्षी हात अजून स्थिर होता, फक्त गुडघे वाळूतून उठायला नाही म्हणत. बोलणं कमी. गल्लीत त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच होतं, की हा माणूस बाहेर खात नाही. सकाळी पेज, दुपारी कोरडं काहीतरी, संध्याकाळी वाडगं.

मग शुक्रवारी त्यांचा जावई आला.

जावई याव, कुमासी शहराचा. तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. धाकट्या ओकैलीशी त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. लग्न कुमासीला झालं, त्यामुळे जेम्सटाउन त्यानं नीट पाहिलेलं नव्हतं. सोमवारी अक्रात त्याची कसलीशी बैठक होती. ओकैली म्हणाली, शुक्रवारीच जा, बाबांकडे रहा, दोन दिवस हिंड, खा. बायकांच्या घरात पुरुष पाहुणा रात्री राहत नाही, म्हणून तो आपली चाकांची पेटी खडखडवत पुरुषांच्या घरात आला आणि आल्या आल्या त्यानं विचारलं, "आई कुठायत?"

"तिच्या घरी," अता म्हणाले.

"कुणी आजारी आहे का तिकडे?"

"नाही. ती तिकडेच राहते."

यावनं पेटी भिंतीला टेकवली. मग आवाज बारीक करून म्हणाला, "बाबा, ओकैली मला काही बोलली नाही हो. केव्हापासून?"

"लग्नापासून."

खाटेवर पडलेल्या तेतेफियोला, म्हणजे अतांच्या चुलतभावाला, हसून हसून खोकला लागला. "अरे मास्तर, भांडण नाहीये! भांडण होऊ नये म्हणून हे तीन गल्ल्यांचं अंतर. तुझ्या कुमासीत बायको रोज दिसते ना? म्हणून तुझे केस गेले."

सहा वाजता लामिले आली, वाडगं आलं. बांकूचे, म्हणजे आंबवलेल्या मका-कसाव्याच्या पिठाचे गोळे, वांग्याचा रस्सा, त्यात सुकी मासळी. याव एकेक घास डोळे मिटून खायचा. मध्येच तो मोबाइल काढून काहीतरी टिपून ठेवायचा.

"काय लिहितोस?" अतांनी विचारलं.

"यादी करतोय, बाबा. दोन दिवसांत इथलं काय काय खायचं त्याची. शाळेतल्यांनी सांगितलंय. सकाळची पेज आणि भज्या, नागमोडी गल्लीतला भातवाला, कडधान्य आणि वर कसाव्याची भाजलेली गारी, तिखट केळी, जास्वंदीचं सरबत आणि केंकी. केंकी तर जेम्सटाउनचीच ना!"

अतांनी दाराकडे जाऊन रिकामं वाडगं घेऊन निघालेल्या लामिलेला हाक मारली. "उद्या दोघांचं पाठव म्हणावं तिला. जावई आहे."

"दोघांचं कशाला, जावयाचं पाठवते. तुझं काय, तू तर घरचाच," लामिले म्हणाली आणि गेली.

शनिवारी सकाळी सासरा-जावई निघाले. अतांना ही गल्ली पायांनी पाठ होती, पण जिभेनं नव्हती. कुठल्या घराच्या ओट्यावर कुणाचा बाप बसायचा, कुठल्या दगडी घरात पूर्वी गोरा दारू साठवायचा, दीपगृहाच्या लाल पट्ट्यांना शेवटचा रंग कुणी दिला आणि तो पातळ का पडला, हे सगळं ते सांगत. यावला त्यातलं अर्धं ऐकू जात नसे, कारण तो पुढच्या कोपऱ्यावरच्या वासाकडे वळलेला असे. बाजरीची पेज तो उभ्यानं प्यायला. पानात बांधलेला भात भिंतीला टेकून खाल्ला. भाताबरोबर आणखी अंडं घेतलं. केळी तळणारीला त्यानं विचारलं, आलं किती घालता? ती म्हणाली, तुमची बायको विचारतेय की तुम्ही? बायको, तो म्हणाला. मग सांगत नाही, ती म्हणाली.

अता बरोबर होते, पण तोंडाला काही लावत नव्हते. "तू घे, मी पाहतो," एवढंच.

"बाबा, तुम्ही पाहता म्हणून माझ्या घशात अडकतं."

"मग तिकडे तोंड करून खा."

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते बुकोम चौकाच्या तोंडाशी आले. तिथे ग्लॅडिसचं केंकीचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची सावली, वाफाळतं पिंप, तळलेल्या माशांची परात आणि दोन बाकं. केंकीचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, मक्याच्या सालात बांधून उकडलेले गोळे ती चिमट्यानं काढी आणि बोटं न भाजता साल सोलून मातीच्या खडबडीत वाडग्यात टाकी. त्याच वाडग्यात मिरची-टोमॅटो वाटलेलं असे.

अता दहा पावलं अलीकडेच थांबले. अमानुआही केंकीच करून विकते. तिचं पिंप सालागा बाजाराच्या बाजूला, ग्लॅडिसचं इकडे. दोघींचं भांडण नाही. दोघी एकाच चर्चमध्ये जातात, एकीच्या घरचं मयत झालं तर दुसरी रडायला जाते. पण अमानुआला विचारलं तर ती म्हणते, "ग्लॅडिसची केंकी? हो, ऐकलंय मी, लोक घेतात म्हणे."

"इथली नको," अता म्हणाले. "संध्याकाळी तिकडून येईलच."

"संध्याकाळी ती खाऊच. पण यादीत हे दुकान आहे, बाबा. आमच्या हेडमास्तरांनी नाव सांगितलंय, ग्लॅडिस."

"बरं. पानात बांधून घे."

"गरम आहे तोवर खायचं म्हणाले." आणि याव जाऊन बाकावर बसला.

ग्लॅडिसनं डोक्याच्या फडक्याखालून वर पाहिलं. "अता ओदोई! पाय लागले म्हणायचे. हा कोण? ओकैलीचा मास्तर? देखणा आहे हो, केस सोडले तर. बसा की."

"मी उभा बरा आहे."

"उभे कसे? पाहुणा एकटा खाणार?" ग्लॅडिस मोठ्यानं म्हणाली, म्हणजे दुसऱ्या बाकावरच्यांनाही कळावं. "कुमासीला जाऊन सांगेल, आमच्याकडे सासरा पहारा देतो."

"बाबा, बसा हो," याव म्हणाला. "मला खरंच लाज वाटते."

इथे अता अडकले. पाहुण्याला एकट्यानं वाडग्यात हात घालू देणं म्हणजे त्याला भिकारी करणं. ते त्यांच्या बापानंही केलं नसतं. ते बसले. बाकाच्या अगदी कडेला बसले, पण बसले. आता बाकावर बसणं आणि पानात बांधून नेणं यात फरक आहे, आणि तो गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. बांधून नेलेलं कुणाचंही असू शकतं; बाकावर तुम्ही त्या बाईच्या हातचं जेवता, तिच्या समोर.

ग्लॅडिसनं दोघांसाठी एकच वाडगं ठेवलं, वर दोन मासे. केंकी आंबूस, घट्ट, वाफेची. मासा बाहेरून कुरकुरीत. अतांनी पहिला घास नाइलाजानं घेतला, दुसरा भुकेनं. सकाळपासून पाच ठिकाणी नुसतं पाहत उभं राहिल्यावर माणसाचं पोट ऐकत नाही. यावनं आणखी एक मासा मागितला, तो दोघांनी अर्धा अर्धा केला. आणि मग, ग्लॅडिस समोर हात कमरेवर ठेवून उभीच होती म्हणून, काहीतरी बोलायला हवं म्हणून, अता म्हणाले, "माशाला मीठ बरोबर लागलंय."

ग्लॅडिस हसली नाही. तिनं फक्त मान हलवली आणि पिंपावरचं झाकण जरा जोरात बंद केलं.

ते वाक्य त्यांच्या आधी निघालं. दोन वाजता ते बाजारात होतं. तीन वाजता मासे भाजणाऱ्या बायकांकडे. तिथे त्याला थोडं वजन आलं: ओदोई म्हणे बोटं चाटत होते. चारपर्यंत ते असं झालं, की एकेचाळीस वर्षांत असं मीठ जिभेला लागलं नाही, असं ओदोई रडवेल्या आवाजात म्हणाले, आणि ग्लॅडिसनं त्यांना डोक्याच्या फडक्यानं वारा घातला.

सहा वाजले. अतांनी हात धुतले, खुर्ची दाराजवळ ओढली. यावनं वाडग्यासाठी चटईवर जागा केली.

सव्वासहा.

"आज बाजाराचा दिवस," अता म्हणाले.

साडेसहाला तेतेफियो बाहेरून आला. दारात थांबून त्यानं रिकामी चटई पाहिली, अतांच्या धुतलेल्या हातांकडे पाहिलं, आणि एक लांब शीळ घातली.

"तोंड बंद कर," अता म्हणाले.

"मी कुठे उघडलंय? मी शीळ घातली. ओदोई, मी तुला एक विचारू का? तुझ्या बाजूनंच विचारतो. दोन मासे खाल्लेस का रे?"

"एक आणि अर्धा."

"आणि मीठ?"

अतांनी धुतलेले हात पुन्हा पुसले. याव एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. त्याचा मोबाइल वाजला. ओकैली. तिनं बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यानं मोबाइल कानापासून लांब धरला, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"बाबांना दे! दे त्यांना! बाबा, तुम्ही ग्लॅडिसच्या बाकावर बसलात?"

"पाहुणा होता—"

"पाहुणा होता तर पाहुण्याला बसवायचं! मला इथे कुमासीत सहा जणींचे फोन आले! लग्न मोडलं का विचारत होत्या! आणि याव, तू! तुला मी खायला पाठवलं होतं, आईबापांची काडीमोड करायला नाही!"

"मला काय माहीत, ओकैली? नुसती केंकी होती!"

"नुसती केंकी," ओकैली म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

सातला लामिले आली. डोक्यावर काही नव्हतं. दारात उभी राहिली, पण ओरडली नाही; ते वाईट होतं.

"दोघांचं केलं होतं तिनं," ती म्हणाली. "जावयासाठी म्हणून. तेलताडाच्या फळांचा रस्सा होता. खेकडे होते, मोठे, सकाळी स्वतः धक्क्यावर जाऊन निवडून आणले. मी वाडगं भरलं, कपडा बांधला. तेवढ्यात आमच्याकडे बातमी आली. तिनं कपडा सोडला आणि म्हणाली, बायांनो, जेवून घ्या."

"कुणी खाल्लं?" तेतेफियोनं विचारलं. त्याला राहवलं नाही.

"आम्ही सगळ्यांनी. मीठ बरोबर होतं, कुणाला ऐकायचं असेल तर," लामिले म्हणाली आणि निघून गेली.

याव म्हणाला, काहीतरी आणू का बाहेरून. अता म्हणाले, तू आण, तू खा. ते स्वतः पाणी प्याले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. खाल्लं असतं तरी कुणाला कळलं नसतं, पण त्यांना ते जमलं नाही.

रविवारी चर्च झाल्यावर तेतेफियोनं त्यांना समजावलं. तो उगाच टिंगल करतो, पण अशा गोष्टींचा त्याला अनुभव आहे. त्याची स्वतःची दोन वाडगी बंद पडली आहेत. "तू काहीच करू नकोस. आजही येणार नाही. उद्या आपण म्हातारे जमवू, बाटली घेऊ, मी बोलतो. म्हणेन, पाहुण्यानं बसवलं. ते लोक दंड सांगतील, तू देशील, मंगळवारी वाडगं सुरू."

"आणि ती?"

"ती काय?"

"ती काही बोलेल का त्यात?"

"तिचे मामा बोलतील. बायका कधी बोलतात? ओदोई, तू कुठे निघालास? ओदोई! अरे असं कुणी जातं का!"

अता चर्चच्या कपड्यांतच होते. पांढरा सदरा, काळी पँट, ऊन पडलं की लाल दिसणारे जुने बूट. याव मागे धावला. तीन गल्ल्या. ओट्यांवरचे लोक बोलायचे थांबत, ते पुढे गेले की पुन्हा सुरू करत. बायकांच्या घराच्या दारात लामिले शेंगा सोलत बसली होती. तिनं यावच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. "तू इथं. तू पुरेसं केलंयस. सोल शेंगा."

अंगण पाणी मारून थंड केलेलं होतं. पुढच्या केंकीसाठी मका भिजत घातला होता, कणसाची सालं पिंपात भिजत होती. सात-आठ बायका होत्या. अमानुआ स्टुलावर बसून सालं निवडत होती, चांगली एका बाजूला, फाटकी दुसऱ्या बाजूला. तिनं वर पाहिलं नाही.

अता मध्येच उभे राहिले. नवरा असा भर दुपारी बायकोच्या अंगणात येत नाही. कुठे उभं राहायचं हेही त्यांना कळेना.

"मी बसायला नको होतं," ते म्हणाले.

"कुठे?" अमानुआ म्हणाली.

"तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असेल? मी होते का तिथे?"

"याव एकटा खात होता. पाहुण्याला एकटं—"

"मी त्याबद्दल काही म्हटलं का? पाहुणा होता, बसलात. मला समजतं ते. मी काय खुळी आहे?" तिनं एक साल उजेडाला धरलं आणि फाटक्यात टाकलं.

"मग मिठाचं? मी नुसतंच म्हटलं ते. ती समोर उभी होती."

"समोर उभी होती," अमानुआ म्हणाली. आता तिनं वर पाहिलं. "हेच म्हणतेय मी. ती समोर उभी होती. तुम्ही खाताना तिनं पाहिलं. तुम्ही दुसरा मासा घेतलात तेही पाहिलं. आणि मी? एकेचाळीस वर्षं मी शिजवते. वाडगं भरलेलं जातं, रिकामं येतं, तेही तेतेफियोनं विसळलेलं. तुम्हाला आवडलं की कुत्र्याला घातलं, मला काय कळतं? सणाला तुम्ही तुमच्या बापाच्या घरी जेवता, मी माझ्या. मयताला पुरुष तिकडे, बायका इकडे. मी तुम्हाला जेवताना कधी पाहिलंय? सांगा ना. कधी?"

अतांनी आठवून पाहिलं. खरोखर आठवून पाहिलं, मान एका बाजूला करून, होडीवरची रेघ सरळ आहे का बघावं तसं.

"ओकैलीच्या लग्नात," ते म्हणाले.

"तेव्हा मी स्वयंपाकात होते."

बायकांपैकी एक जण मोठ्यानं हसली आणि तिला दुसरीनं कोपर मारलं.

अमानुआ उठली. आत गेली. परातीत केंकी, रस्सा आणि एक खेकडा घेऊन आली. एक उरवलेला होता म्हणजे. आपलं स्टूल पायानं त्यांच्याकडे सरकवलं. "बसा. जेवा."

"इथे?"

"त्या बाकावर लोक नव्हते?"

अता बसले. अमानुआ समोर बसली, जमिनीवर, हात मांडीवर. सगळं अंगण काम थांबवून बघत होतं. दारात याव शेंग हातात धरून तसाच. जन्मभर लोक बघत असताना अतांनी होड्या रंगवल्या होत्या, तेव्हा रेघ कधी वाकडी गेली नव्हती. आता पहिला घास बोटांतून सुटला.

"गरम आहे?" अमानुआ म्हणाली.

"नाही."

"मग?"

"तू बघतेयस."

"हो," ती म्हणाली. "बघतेय."

ते जेवू लागले. ती एकेक गोष्ट बघत होती. ते आधी नुसता रस्सा पीत, मग केंकी. घास लहान. डावीकडून चावत. खेकड्याची पाठ त्यांनी साफ केली आणि नांग्या परातीच्या कडेला ठेवून दिल्या.

"नांग्या?"

"राहू दे."

"नांग्यांत तर सगळं मांस! मी मोठ्या नांग्यांचे बघून आणते. रोज नांग्या कोण खातं?"

अता घास चावत राहिले. मग म्हणाले, "तेतेफियो."

"तेतेफियो!"

"माझे उजवीकडचे दात गेले. दहा-बारा वर्षं झाली."

अमानुआनं तोंडावर हात ठेवला. "बारा वर्षं मी त्या आडदांडाला नांग्या पाठवतेय? म्हणून त्याचे गाल असे! मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार? लामिलेबरोबर निरोप पाठवू? माझे दात गेले म्हणून?"

"मी कुणाला सांगितलं असतं?" लामिले दारातून ओरडली, आणि यावेळी सगळंच अंगण हसलं.

अमानुआ हसली नाही. तिनं नांगी उचलली, दगडावर ठेवून फोडली, मांस बोटांनी काढून त्यांच्या रश्श्यात टाकलं. दुसरीही फोडली. ते खाल्लं त्यांनी. ती बघत होती. परात रिकामी झाल्यावर तिनं ती उचलली, उजेडाकडे तिरपी धरून पाहिली, साल बघतात तशी.

"मीठ?" ती म्हणाली.

"जरा जास्त," अता म्हणाले.

अमानुआनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाली, "काल बातमी आल्यावर रागात पडलं असेल," आणि परात घेऊन मोरीकडे गेली.

अता उठेनात. याव खुणा करत होता, चला म्हणून. ते बसून राहिले. ती परत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्या वाडगं येणार आहे का?"

"उद्या सोमवार. येईल."

"म्हणजे म्हाताऱ्यांना बोलवायचं नाही?"

"कशाला? त्यांना जिन प्यायला निमित्त हवं." तिनं सालं पुन्हा मांडीवर घेतली. "सोमवार ते शनिवार वाडगं येईल. रविवारी नाही. रविवारी तुम्ही इथे यायचं आणि माझ्यासमोर जेवायचं."

"अमानुआ, लोक काय म्हणतील? म्हणतील ओदोईला घरी कुणी घालत नाही, बायकोच्या चुलीपाशी येऊन बसतो."

"म्हणू दे."

"तेतेफियो तर जगू देणार नाही."

"तेतेफियोच्या नांग्या आजपासून बंद. तो काय म्हणतो त्याची काळजी तुम्ही करू नका."

अतांनी हो म्हटलं नाही. त्यांनी सदरा झटकला, यावला घेतलं आणि निघाले. वाटेत यावनं विचारलं, "मग काय ठरवलंत, बाबा?" ते म्हणाले, "तुझ्या यादीत आणखी काय राहिलंय ते बघ, आणि एकटा जा."

सोमवारी याव बैठकीला गेला आणि तिथून परस्पर कुमासीला. त्याच संध्याकाळी वाडगं आलं. तेतेफियो रस्सा ढवळून पाहत होता. खेकड्याचं मांस सोलून रश्श्यात घातलेलं होतं. "ही काय पद्धत," तो म्हणाला. मंगळवारी अतांनी एका होडीचे झेंडे पुरे केले. आठवडा नेहमीसारखा गेला.

रविवारी एक वाजता ते निघाले. मागच्या गल्ल्यांतून गेलं तर कुणी पाहत नाही, आणि तेतेफियोनं तोच रस्ता सुचवला होता. पण अता हमरस्त्यानं गेले, बुकोमवरून, पांढऱ्या सदऱ्यात, उन्हात. ग्लॅडिसनं पिंपामागून हाक मारली, "अता ओदोई! या की, बसा! मासा आत्ताच काढलाय!"

बाकावरची चार माणसं वळून बघू लागली. अतांनी हात वर केला.

"नको. जेवायला चाललोय."

"कुणाकडे?"

"बायकोकडे!" ते म्हणाले. जन्मात कधी बोलले नसतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

तेही त्यांच्या आधी पोचलं. अंगणात शिरले तेव्हा स्टूल मांडलेलं होतं आणि अमानुआ झाकण काढता काढता लामिलेला सांगत होती, "एवढं ओरडायची काय गरज होती गं? गुडघे दुखतात, सावकाश चालायचं, आणि गुपचूप यायचं. बसा. हात धुतलेत का?"